लातूरचा डबा, पुण्याचा फोन: घरचा मीडिया सर्व्हर उभा करताना

एका दिवाळीच्या साफसफाईत कपाटावरून एक बोचकं निघालं. आत आजोबांच्या भजनाच्या सत्तावीस ऑडिओ कॅसेटी, भावाच्या लग्नाच्या चार मिनी-डीव्ही, माझ्या लग्नाची एक व्हीएचएस आणि सीड्यांचं एक पाकीट. त्यातल्या निम्म्या सीड्या वाचेनात. बाकीचं सगळं महिनाभर खपून कॉम्प्युटरवर उतरवलं, पेनड्राइव्हवर भरलं आणि घरोघर वाटलं. चार महिन्यांत तीन पेनड्राइव्ह हरवले. आई म्हणाली, "अरे, एका जागी ठेवा की. ज्याला बघायचं तो येऊन बघंल." मुलगी पुण्याला होस्टेलवर, भाऊ नांदेडला, आई अहमदपूरजवळच्या गावी. येऊन कोण बघणार? म्हणून सर्व्हर: घरात सतत चालू असणारा एक कॉम्प्युटर (मी त्याला डबा म्हणतो), ज्याच्यावरचं सगळं घरच्यांना आपापल्या फोनवर-टीव्हीवर बघता येतं.

आधीच सांगतो, सर्व्हर बसवायला मला एक रविवार पुरला. पण लाईट गेल्यावर तो आपला आपण पुन्हा उठावा आणि घराबाहेरून त्याच्यापर्यंत पोचता यावं, या दोन गोष्टींत दोन महिने गेले. युट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ नेमकं इथेच हात आखडता घेतात, कारण ते बनवणाऱ्यांची लाईट जात नसावी. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना जागा जास्त आहे.

पैसे घालण्याआधी बघायच्या दोन गोष्टी

पहिली, अपलोडचा वेग. केबलवाला "शंभरचा प्लॅन" म्हणतो तो डाउनलोडचा आकडा. तुमच्या घरातून पुण्याला व्हिडिओ जाणार तो अपलोडमधून. स्पीड टेस्ट रात्री नऊला घ्या, दुपारी नको. नऊला सगळी गल्ली नेटवर असते. साधारण फुल एचडी व्हिडिओला ६ ते ८ एमबीपीएस लागतात. अपलोड १० असेल तर बाहेरून एका वेळी एकच माणूस नीट बघेल, ५० असेल तर चार-पाच जण आरामात बघतील. डेटाची मर्यादा असेल तर तोही हिशेब करा: ८ एमबीपीएसने तासाला ३.६ जीबी जातात.

दुसरी, तुमच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता आहे का? राउटरच्या पानावर 'वॅन' खाली जो आयपी दिसतो तो टिपून ठेवा. मग गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा. इथे आयपीव्ही४चा पत्ता बघायचा. लांबलचक, अक्षरं असलेला पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६चा. दोन्ही आकडे जुळले तर नशीबवान आहात. जुळले नाहीत, किंवा राउटरमधला पत्ता १०० ने सुरू होतो आणि त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला आहे, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटच्या मागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४चे पत्ते संपत आले तेव्हा कंपन्यांनी शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायला सुरुवात केली. म्हणजे शंभर फ्लॅटच्या अपार्टमेंटला एकच पत्ता, आणि वॉचमनकडे फ्लॅट नंबरांची वहीच नाही. तुम्ही आतून पत्र पाठवाल, उत्तरही येईल, पण बाहेरून आलेला पाहुणा गेटवरच अडकणार. माझं तसंच होतं. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्याला राउटरमधून नेमक्या यंत्राकडे वाट करून देणं) करण्यात मी तीन रात्री घालवल्या, त्या याच कारणाने फुकट गेल्या. राउटरमध्ये सगळं बरोबरच होतं, पण पाहुणा राउटरपर्यंत पोचतच नव्हता.

डबा कोणता

घरात पडून असलेला जुना डेस्कटॉप चालतो का? चालतो, पण तो निवांत बसला तरी ६० वॅट खातो. २४ तास चालवला तर महिन्याला ४३ युनिट. कार्यालयांतून निघालेले सेकंड-हँड मिनी पीसी मिळतात, टिफिनच्या डब्याएवढे. ते रिकामे असताना १०-१२ वॅटवर भागवतात, म्हणजे महिन्याला सात ते नऊ युनिट. वर्षभराच्या बिलात बराच फरक पडतो.

घेताना इंटेलचा प्रोसेसर बघा, सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. कारण असं की फोनला झेपत नसलेला व्हिडिओ सर्व्हरला जागच्या जागी बदलून द्यावा लागतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. इंटेलच्या चिपमध्ये क्विक सिंक नावाचा भाग असतो, तो हे काम प्रोसेसरला घाम न फोडता करतो, आणि सातव्या पिढीपासून त्याला १०-बिट एचईव्हीसी हा नव्या व्हिडिओंचा प्रकारही जमतो. रास्पबेरी पाय ५ चा मोह होतो, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही. नुसती भजनं ऐकायची असतील तर तो उत्तम.

रॅम ८ जीबी पुरे. सिस्टिमसाठी छोटी एसएसडी, मालासाठी वेगळी हार्ड डिस्क.

जागेचं एक सांगतो. मी डबा आधी माळ्यावर ठेवला होता, वर पत्रा. एप्रिल उजाडला आणि डिस्कचं तापमान साठीकडे सरकलं. लातूर-परभणीकडच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या पुढे असते, तिथे बंद कपाट म्हणजे भट्टी. आता तो हॉलमध्ये, जमिनीपासून दोन फूट वर, भिंतीला न चिकटवता ठेवलाय. पाठीमागच्या जाळीवर दर महिन्याला ब्रश.

लाईट

आपल्याकडे लाईट जाते ती एकदा जाऊन गप्प बसत नाही. जाते, येते, पुन्हा जाते. या येण्या-जाण्यातच डिस्कचं नुकसान होतं.

घरात इन्व्हर्टर असेल तर आधी त्याच्यावरचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना दोन मोड असतात, साधा आणि यूपीएस. साध्या मोडमध्ये बॅटरीवर यायला जो क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात पंखा थांबत नाही पण कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर टाका. इन्व्हर्टर नसेल तर यूएसबी केबल लागणारा छोटा यूपीएस घ्या आणि सर्व्हरवर 'नट' नावाचा प्रोग्रॅम बसवा. बॅटरी संपत आली की तो सर्व्हर नीट बंद करतो. राउटर आणि फायबरच्या डब्यालाही बॅकअप हवा. सर्व्हर जागा आणि राउटर झोपलेला, तर काय उपयोग? त्यासाठी १२ व्होल्टचे छोटे राउटर-यूपीएस मिळतात.

आता बायोस, म्हणजे सिस्टिमच्या आधी चालू होणारी पीसीची मूळ सेटिंग. पीसी सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून आत जा आणि पॉवरच्या पानावर 'आफ्टर पॉवर लॉस' किंवा तशाच नावाची ओळ शोधा. तिथे 'पॉवर ऑन' ठेवायचं. 'लास्ट स्टेट' ठेवू नका. नटने सर्व्हर नीट बंद केला असेल तर त्याची शेवटची अवस्था 'बंद' हीच असते. लाईट आली तरी तो आज्ञाधारकपणे बंदच राहतो. मी गावी असताना असा तो दोन दिवस पडून होता.

याच्यापुढचा एक बारीक फासही आहे. सर्व्हर बंद झाला, पण यूपीएसमध्ये थोडा जीव शिल्लक असतानाच लाईट आली, तर वीज गेली होती हे डब्याला कळतच नाही आणि तो उठत नाही. नटमध्ये सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसलाही आपला पुरवठा तोडायला सांगायची सोय आहे. ती चालू करा, आणि एकदा मेन स्विच पाडून खरोखर तपासा. तपासताना घरच्यांना आधी सांगा, मालिका चालू असते.

सिस्टिम आणि डिस्क

लिनक्सची सिस्टिम घ्या: उबुंटू सर्व्हर किंवा डेबियन, दोन्ही फुकट. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून बसवा, आणि विचारेल तेव्हा एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून डब्यात शिरायची सोय) निवडा, म्हणजे पुढे डब्याला स्क्रीन-कीबोर्ड लागत नाही. राउटरमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' शोधून डब्याला कायमचा पत्ता द्या. माझा १९२.१६८.१.५० आहे. (पत्ते टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी.)

मोठी डिस्क एक्स्ट४ने फॉरमॅट करा. ती अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद ठेवते, त्यामुळे अचानक लाईट गेल्यावर सावरण्याची शक्यता जास्त असते. डिस्क कुठे जोडायची ते 'एफएसटॅब' या फाइलीत लिहितात. तिथे डिस्कचं नाव न लिहिता तिचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा, कारण यूएसबीचं भोक बदललं की नाव बदलू शकतं. आणि पर्यायांत 'नोफेल' हा शब्द विसरू नका. मी विसरलो होतो. एके रात्री लाईट आली, डबा सुरू झाला, पण बाहेरच्या डिस्कला वेग घ्यायला उशीर लागला. डिस्क सापडेना म्हणून सिस्टिम इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसली. नेटवर्कच नाही, मग एसएसएच तरी कुठून? शेवटी टीव्हीची एचडीएमआय काढून डब्याला लावली. 'नोफेल' असलं की डिस्क सापडली नाही तरी सिस्टिम पुढे चालू लागते.

डिस्क 'एसआरव्ही' फोल्डरखाली जोडा. आपोआप जोडली जाणारी डिस्क तुमच्या नावाच्या खासगी फोल्डरखाली येते, तिथे जेलिफिनला (व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम, त्याच्याबद्दल पुढे) शिरता येत नाही. लायब्ररी रिकामी दिसते आणि माणूस डोकं धरून बसतो. दहातली नऊ दुखणी परवानगीची असतात.

जेलिफिन

सर्व्हरवरचा माल फोन-टीव्हीवर दाखवायला प्लेक्स की जेलिफिन, हा वाद मी घालणार नाही. प्लेक्स दिसायला देखणं आहे, पण एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायला पैसे पडतात. जेलिफिन २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बी या तशाच प्रोग्रॅमपासून फुटून निघालं; ते पूर्ण मोफत आणि मुक्त आहे. आपल्या कामाला ते पुरून उरतं.

जेलिफिनच्या संकेतस्थळावर उबुंटू-डेबियनसाठी एका ओळीची आज्ञा दिलेली असते. ती तशीच उचलून टर्मिनलमध्ये चिकटवायची. मग घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता, त्यापुढे विसर्गासारखे दोन टिंब आणि ८०९६ टाकलं की स्वागताचं पान येतं. ॲडमिनचं खातं वेगळं ठेवा आणि रोज बघण्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र खातं द्या. पासवर्ड सगळ्यांना, आईलाही.

लग्न, बारसं, सहलीचे व्हिडिओ 'होम व्हिडिओज' प्रकारच्या लायब्ररीत टाका. 'मूव्हीज'मध्ये टाकलेत तर जेलिफिन इंटरनेटवर त्यांची पोस्टरं शोधत बसतं. भावाच्या लग्नाला कुठल्याशा कोरियन सिनेमाचं पोस्टर चिकटलं होतं. वहिनीने ते तसंच ठेवायला सांगितलं. विकत घेतलेल्या डीव्हीडींसाठी मात्र 'मूव्हीज', आणि फोल्डरचं नाव 'सिनेमाचं नाव, कंसात वर्ष' असं. भजनांना 'म्युझिक', तिथे फाइलच्या आत टॅग लिहावे लागतात. देवनागरी नावं बिनधास्त चालतात.

जुन्या टेपांबद्दल थोडं. मिनी-डीव्हीचा एक तास उतरवला की साधारण १३ जीबी होतो, आणि तो फायरवायरनेच (कॅमेऱ्याची जुनी डिजिटल केबल) उतरवावा. आपला जुना व्हिडिओ पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ फ्रेम आणि तेही इंटरलेस्ड (दर खेपेला एकाआड एक ओळी दाखवणारा), म्हणून आधुनिक स्क्रीनवर हलणाऱ्या हाताला दातेरी कड दिसते. हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेस चालू करून एच.२६४ मध्ये एक प्रत करा. ती कुठल्याही फोनवर न बदलता चालते, सर्व्हरला कष्ट पडत नाहीत. मूळ १३ जीबीची फाइल मात्र पुसू नका.

ट्रान्सकोडिंगसाठी जेलिफिनच्या डॅशबोर्डवर 'इंटेल क्विकसिंक' निवडा आणि जेलिफिनच्या युजरला 'रेंडर' गटात घाला. मग फोनवर मुद्दाम कमी दर्जा निवडून व्हिडिओ लावा आणि प्रोसेसरवरचा भार बघा. शंभर टक्क्यांवर गेला तर हार्डवेअर लागलेलं नाही, पुन्हा परवानगीच बघा.

व्हीपीएन: एकाच नावाची दोन माणसं

इथे घोटाळा फार होतो. जाहिरातीतलं व्हीपीएन म्हणजे तुमचा सगळा ट्रॅफिक दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरवून आणणारी भाड्याची सेवा. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने अशा सेवांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. त्या सेवेचा आपल्या कामाशी संबंध नाही. ती विकत घेऊन तुम्ही लातूरच्या डब्यापर्यंत पोचणार नाही. आपल्याला हवं ते उलटं: घराबाहेरचा आपला फोन घरच्याच जाळ्यात असल्यासारखा वागावा.

त्याला तीन रस्ते आहेत. पोर्ट फॉरवर्डिंग करून ८०९६ जगासाठी उघडणं हा पहिला. सीजीनॅट नसलं तरी हे करू नका. उघडी पोर्ट हुडकणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात, आणि जेलिफिनमधली एखादी चूक बाहेर आली की तुमचं घर त्यांच्या यादीत असतं.

दुसरा, वायरगार्ड या मोफत प्रोग्रॅमने उभं केलेलं स्वतःचं व्हीपीएन. सुंदर काम आहे. मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) ५.६ पासून आलं. त्याला यूडीपीचं एकच पोर्ट लागतं, सहसा ५१८२०, आणि किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. पण घराला खरा पत्ता हवा. कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा, काही जण महिन्याला जादा पैसे घेऊन देतात. नाहीतर भाड्याचा छोटा व्हीपीएस (इंटरनेटवर स्वतःचा पत्ता असलेला सर्व्हर) घ्या: घरचा डबा त्याला आतून जोडून राहतो, आणि 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवलं की मधल्या सीजीनॅटमधली वाट मिटत नाही. हौस असेल तर हा रस्ता धरा.

तिसरा, टेलस्केल ही तयार सेवा. मी हाच धरलाय. आत वायरगार्डच आहे, फक्त किल्ल्यांची देवाणघेवाण आणि सीजीनॅटमधून वाट काढणं ते स्वतः करतं. दोन्ही बाजू आतून बाहेर हात काढतात आणि मध्ये हात मिळवतात. पाहुण्याला गेटवर थांबावंच लागत नाही. घरगुती वापराला मोफत. त्यांच्या संकेतस्थळावरची एका ओळीची आज्ञा डब्यावर चालवा, मग 'टेलस्केल अप' द्या. एक लिंक येईल, ती फोनवर उघडून लॉगिन करा. डब्याला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळेल. हो, तोच सीजीनॅटचा पट्टा, गोंधळू नका. फोनवर टेलस्केलचं ॲप टाका, त्याच खात्यात शिरा, आणि जेलिफिनच्या ॲपमध्ये त्या पत्त्यापुढे ८०९६. झालं.

खरंच झालं, पण चार गोष्टी मागाहून चावतात.

टेलस्केलची किल्ली १८० दिवसांनी संपते. ॲडमिनच्या पानावर फक्त सर्व्हरपुरतं 'डिसेबल की एक्स्पायरी' करा, नाहीतर बरोबर सहा महिन्यांनी सगळे तुम्हाला फोन करतील.

सगळं चालतंय पण अडखळतंय, तर डब्यावर 'टेलस्केल स्टेटस' बघा. 'डायरेक्ट' असेल तर उत्तम. 'रिले' दिसलं तर व्हिडिओ त्यांच्या मधल्या सर्व्हरवरून फिरून जातोय आणि वेग पडणारच. राउटरमध्ये आयपीव्ही६ चालू केल्यावर माझं रिलेचं डायरेक्ट झालं. मोबाइल डेटावर आयपीव्ही६ बहुतेक असतंच, घरच्या राउटरमध्येच ते बंद ठेवलेलं असतं.

जेलिफिनच्या नजरेत टेलस्केलवरून येणारा माणूस 'बाहेरचा' असतो. म्हणून नेटवर्किंगच्या पानावर आणि त्या-त्या खात्यातही 'रिमोट कनेक्शन'ला परवानगी हवी. याचा फायदाही आहे: बाहेरच्यांसाठी वेगाची मर्यादा घालता येते. मी ६ एमबीपीएस घातली. मुलीने होस्टेलवर मैत्रिणींना लग्न दाखवायला घेतलं तरी घरचं अपलोड गुदमरत नाही.

आणि अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. कुणाच्या फोनवर भाड्याचं व्हीपीएन सुरू असेल तर टेलस्केल गपचूप बंद पडतं. काही फोन बॅटरी वाचवायच्या नादातही ते मारतात. ॲपच्या सेटिंगमध्ये बॅटरीची बंधनं काढा.

भावाला मी माझ्या जाळ्यात घेतलं नाही, टेलस्केलच्या 'शेअर'मधून फक्त हे एक यंत्र त्याच्या खात्याला दिलं. त्याला जेलिफिन दिसतं, माझा लॅपटॉप दिसत नाही. वाटायचं ते घरच्यांपुरतंच. विकत आणलेले सिनेमे गल्लीभर दाखवायला हा डबा नाही.

आईचा टीव्ही

फोनवाल्यांचं सोपं असतं. आईकडे आहे टीव्ही, रिमोट आणि माझ्यावरचा अविश्वास. टीव्ही अँड्रॉइडचा असेल किंवा अँड्रॉइड ॲप चालवणारी फायर टीव्ही स्टिक असेल तर टेलस्केल आणि जेलिफिन दोन्ही ॲप मिळतात. टायझेन (सॅमसंग) किंवा वेबओएसच्या (एलजी) टीव्हीवर टेलस्केल नाही, तिथे स्टिक लावा. लॉगिन स्वतः गावी जाऊन करा. "आता कोड टाक" हे फोनवर सांगायचा मी प्रयत्न केला. पाऊण तास गेला आणि शेवटी डिशचं कनेक्शन बंद पडलं. या स्टिकचीही की एक्स्पायरी बंद ठेवा. तिथलं नेट मोबाइल हॉटस्पॉटचं आहे, म्हणून आईच्या खात्याची मर्यादा २ एमबीपीएस. व्हीएचएसवरून उतरवलेल्या लग्नाला तेवढं पुष्कळ.

राहिलेलं

एसएसएचला पासवर्ड बंद करून किल्लीने शिरा. सुरक्षेचे अपडेट आपोआप होऊ द्या. जेलिफिनचा अपडेट मात्र आपल्या हाताने, आधी त्याच्या सेटिंगच्या फोल्डरची प्रत काढून.

आणि मालाची दुसरी प्रत, दुसऱ्या गावी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात औसा तालुक्यातलं आत्याचं घर पडलं. माणसं वाचली, ट्रंकेतलं काही हाती लागलं नाही. तिच्या लग्नाचे आज जे अकरा फोटो आहेत ते लातूरला आमच्याकडे राहिलेल्या अल्बममधले. त्याच डब्यात दुसरी डिस्क लावून तिला बॅकअप म्हणू नका. चोर, वीज, पाणी दोन्हींना एकदमच गाठतात.

माझ्याकडे दोन पोर्टेबल डिस्क आहेत. एक लातूरला, तिच्यावर 'आरसिंक' नावाचा प्रोग्रॅम दर रविवारी रात्री नवं ते चढवतो. दुसरी गावी, आईच्या कपाटात, साडीत गुंडाळून. वेळ अमावस्येला सगळे शेतात जातो तेव्हा आणि पोळ्याला, अशी वर्षातून दोनदा अदलाबदल. नेताना लॅपटॉपही नेतो आणि आलेल्या डिस्कवरच्या कुठल्याही तीन फाइली उघडून बघतो. गेल्या वेळ अमावस्येला कडब्याच्या कोपीजवळ बसून आंबील पिता पिता पहिली फाइल उघडली ती आजोबांच्या भजनाची निघाली, आणि दुसऱ्या दोन त्या दिवशी तपासायच्या राहून गेल्या.